स्लोचा स्क्रू पिळण्याआधी

महोदय,

शिमग्यानंतर चाकरमान्यांनी पडवीत लावून ठेवलेल्या जुन्या बुलेट, येझदी, आरएक्स १०० आता गणपतीसाठी बाहेर निघतील. किक मारली की चोकवर (हवा कमी, पेट्रोल जास्त) चालू होतील आणि चोक काढला की मरतील. अशा वेळी गॅरेजात पहिला हात जातो स्लोच्या, म्हणजे एक्सिलेटर सोडल्यावर इंजिनाचा वेग ठरवणाऱ्या स्क्रूकडे. तो पिळला की गाडी बंद पडायची थांबते, पण बिघाड जागच्या जागी राहतो. शिवाय चढवलेल्या स्लोवर बुलेट आंबा किंवा कुंभार्ली घाट उतरवली, तर इंजिनाचा आधार मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो.

चोकवर चालते आणि चोक काढताच मरते, म्हणजे बहुतेक वेळा पायलट जेट (पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरमधली बारीक भोकाची पितळी नळी) बुजलेला असतो. स्लोवर इंजिन पेट्रोल पितं ते त्यातूनच, आणि त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहून बारीक. आपल्याकडे याचं मूळ अनेकदा टाकीच्या झाकणात सापडतं. आतला रबर वॉशर कडक झालेला असतो, पागोळीचं पाणी झाकणाभोवतीच्या खळग्यात साचतं आणि आत झिरपतं. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. ते पाणी ओढून घेतं आणि पाणी फार झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतात. मग कार्बोरेटरची वाटी उघडावी तर आत पांढरी पूड आणि पितळी जेटवर हिरवट थर.

म्हणून आधी टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून १५ मिनिटं हलवू नका. तळाला वेगळा थर दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करा, वरून नवं ओतून भागत नाही. मग पायलट जेट काढून उजेडाकडे धरा, भोकाचा गोल ठिपका स्वच्छ दिसायला हवा. त्यात टाचणी घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. वायरमधली तांब्याची एक बारीक तार चालेल. जेटच्या जागी क्लीनरचा फवारा मारला की स्लाइडजवळ (एक्सिलेटरने वर-खाली होणारा दट्ट्या), इंजिनाकडच्या बारीक छिद्रातून तुषार उडाला पाहिजे. तो उडत नसेल तर नवा जेट टाकूनही काही होणार नाही. नेमकं इथेच गॅरेजवाले ‘कार्बोरेटर बदला’ म्हणतात. बाजारातल्या स्वस्त नकलेपेक्षा मूळचा साफ केलेला कधीही बरा.

उलटी तक्रारही असते: नाक्यावर थांबलं तरी स्लो चढलेलाच. एक्सिलेटरच्या केबलला ढील असेल, म्हणजे ती ताणलेली नसेल, तर कुठून तरी हवा खेचली जातेय. चालू इंजिनावर कार्बोरेटर आणि हेडच्या (इंजिनाचा वरचा भाग) जोडावर ब्रशने साबणाचं पाणी लावा. आवाज बदलला की चोर सापडला. बुलेटला नट अति आवळून कार्बोरेटरची फ्लँज (इंजिनाला बसणारी सपाट कडा) वाकलेली असते. सपाट काचेवर बारीक पॉलिशपेपर ठेवून ती घासावी आणि ओ-रिंग नवी टाकावी. टू-स्ट्रोकला (येझदी, आरएक्स) जोड ठीक असेल तर क्रँकचं ऑइल सील बघा.

स्क्रूची पाळी शेवटी, तीही दहा मिनिटं गाडी चालवून इंजिन गरम झाल्यावर. फिल्टरकडच्या बाजूचा, हवेचं प्रमाण ठरवणारा एअर स्क्रू हलक्या हाताने बसवा (जोर दिला तर टोक मोडतं), मग दीड आटा (फेरा) सोडा. तिथून पाव-पाव आटा फिरवत इंजिन सर्वात जोरात आणि सलग कुठे वाजतं ते शोधा, आणि मग स्लोच्या स्क्रूने स्लो खाली आणा. एअर स्क्रू आवळला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं. स्क्रू इंजिनाकडच्या बाजूला असेल तर उलट. एअर स्क्रू अर्ध्या आट्याच्या आत असतानाच गाडी खूश होत असेल, तर जेट अजून बुजलेला आहे.

एवढं करूनही दम धरत नसेल, तर बुलेट-येझदीसारख्या पॉइंटच्या गाडीत पॉइंटचा (ठिणगीसाठी उघडझाप करणारा संपर्क) गॅप ०.३५ ते ०.४० मिमी आहे का पाहा.

आणि अनंत चतुर्दशीनंतर मुंबईला परतताना पेट्रोलचा कॉक बंद करून, कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सोडून तिच्यातलं पेट्रोल काढून टाका. टाकीच्या झाकणाचा वॉशर तेवढा नवा घाला.

– एक वाचक, रत्नागिरी