व्हायकाउंटला एसटीसारखी काच नव्हती

महोदय,

आपल्या रविवारच्या अंकात शालेय विज्ञान प्रदर्शनाची बातमी आणि विमानाच्या मॉडेलचा फोटो पाहिला. पुठ्ठा आणि थर्माकोलमधून पोरांनी झकास काम केलंय. मात्र फोटोखाली ‘ॲव्हरो विमानाची प्रतिकृती’ असं छापलंय. पंखांवर चार इंजिनं स्वच्छ दिसतात आणि ॲव्हरो ७४८ ला इंजिनं दोनच. शेपटीचे आडवे पंख वरच्या बाजूला उचललेले, प्रवाशांच्या खिडक्या मोठ्या लंबगोल, म्हणजे हे व्हिकर्स व्हायकाउंट. इंडियन एअरलाइन्सकडे ही विमानं १९५७ मध्ये आली. ॲव्हरो आपल्याकडे कानपूरला, पुढे एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) झालेल्या कारखान्यात बनायची. तिथलं पहिलं विमान १९६१ च्या नोव्हेंबरात उडालं. दोन्हींना रोल्स रॉइसचं डार्ट इंजिन, तेव्हा घोटाळा होणं समजू शकतो.

पत्राचं खरं कारण मात्र वेगळं आहे. मॉडेलच्या नाकाडावर पोरांनी समोरची काच या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध, वळवलेली लावली आहे, शिवशाही एसटीला असते तशी. बातमीतही तिचं ‘आकर्षक’ म्हणून कौतुक आहे. मी आधी कानपूरला आणि नंतर निवृत्तीपर्यंत ओझर मिगला, म्हणजे नाशिकजवळच्या एचएएलच्या मिग विमानांच्या कारखान्यात होतो, आणि दोन्हीकडे बराचसा काळ काचांच्याच कामात गेला. त्यामुळे राहवलं नाही.

त्या पिढीतल्या ब्रिटिश टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइनने पंखा फिरवणाऱ्या, विमानांची नाकाडं पाहा. व्हायकाउंट असो, ब्रिटानिया असो की ॲव्हरो, मांडणी प्रत्येकाची निराळी, पण समोर एकच अखंड काच कुणालाच नाही. धातूच्या खांबांमध्ये बसवलेले वेगवेगळे तुकडे. याचं पहिलं कारण केबिनमधला हवेचा दाब. व्हायकाउंट उंचावर असताना आतला दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस इंचाला साडेसहा पौंडांपर्यंत जास्त असे. म्हणजे एक चौरस फूट काचेला आतून सव्वाचारशे किलोंच्या आसपास रेटा! काच जेवढी मोठी तेवढा हा भार वाढतो आणि तो शेवटी चौकटीच्या खांबांनाच पेलावा लागतो. दुसरं कारण वैमानिकाच्या डोळ्यांचं. जाड काच वळवली की धावपट्टीचे दिवे सरकलेले किंवा दुहेरी दिसू शकतात. सपाट काचेत तो त्रास कमी, मग वाऱ्याचा विरोध आणि आवाज थोडा वाढला तरी चालतो. शिवाय तडा गेला तर तेवढाच तुकडा बदलता येतो, हे आमच्यासारख्यांच्या सोयीचं.

आणि ही काच म्हणजे नुसती काच नसते. दोन थरांच्या मध्ये व्हिनाइल या प्लास्टिकचा पारदर्शक थर असतो आणि वीज वाहून नेणारा, डोळ्यांना जेमतेम जाणवणारा लेप. वीज सोडली की काच तापते. बर्फ साचू नये म्हणून ती तापवतात, असं सगळे सांगतात आणि ते खरंच आहे. पण गारठलेलं व्हिनाइल ठिसूळ होतं. कोमट असलं तर पक्षी आदळल्यावर ते ताणलं जातं आणि फुटलेली काच धरून ठेवतं. ओझरपासून नांदूर मध्यमेश्वर किती लांब आहे? हिवाळ्यात तिथे उतरणारे बदकांचे थवे ज्यांनी पाहिलेत, त्यांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

बाजूला एक छोटी उघडणारी खिडकीही असे. समोरचं काही दिसेनासं झालं तर केबिनचा दाब उतरवायचा, ती उघडायची आणि तिच्यातून बघत विमान खाली आणायचं. मॉडेलमध्ये ही नाही.

काच बसवणं हे अर्ध्या तासाचं काम नव्हे. चौकट पुसून कोरडी करायची, सीलंट लावायचं, बोल्ट समोरासमोरचे आलटूनपालटून आवळायचे, एका बाजूने ओळीने आवळत गेलात तर काच ताण धरते. मग आत दाब भरून कडांना साबणाचं पाणी. बुडबुडा आला की पुन्हा पहिल्यापासून. आमचे एक सीनियर बोल्टचा माप-नंबर मोठ्याने वाचून घेतल्याशिवाय पाना हातात देत नसत. तेव्हा हा जाच वाटे. पुढे १९९० मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या वन-इलेव्हन जेटची समोरची काच हवेत निखळली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला. सहकाऱ्यांनी पाय धरून ठेवले म्हणून वाचला. चौकशीत निघालं की ९० पैकी ८४ बोल्ट जाडीला कमी होते. ती काच बाहेरून बसवलेली. आतून बसवलेली असती तर दाबाने उलट चौकटीत घट्ट दाबली गेली असती.

बातमीत आणखी एक वाक्य आहे: लंबगोल खिडक्या ‘कॉमेटच्या अपघातांनंतर आल्या’. कॉमेट हे ब्रिटिश प्रवासी जेट, त्याची ती दोन विमानं १९५४ मध्ये पडली. व्हायकाउंटचं पहिलं उड्डाण जुलै १९४८ चं आणि लंबगोल खिडक्या त्याला पहिल्यापासून आहेत. २९ जुलै १९५० ला लंडनच्या नॉर्थहोल्टहून पॅरिसला टर्बोप्रॉपची जगातली पहिली नियमित प्रवासी सेवा सुरू झाली, तेही याच विमानाने.

पोरांना नाउमेद करायचं नाही. थर्माकोलचं काम मला जमलं नसतं. फोटोखालची ओळ तेवढी दुरुस्त करावी, आणि हे मॉडेल पुढे जिल्हास्तरावर जाणार असेल तर त्यांच्या शिक्षकांना एवढं कळवावं की पुढची काच काढून तिथे सपाट तुकडे बसवा, मध्ये पत्र्याच्या पट्टीचे खांब द्या आणि बाजूची एक खिडकी उघडती ठेवा. एका संध्याकाळचं काम आहे. मी जेलरोडलाच असतो, बोलावलं तर येईन.

एक निवृत्त विमान तंत्रज्ञ,
जेलरोड, नाशिकरोड