चारपैकी तीन खोकी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात क्रेडिट कार्डाच्या चार्जबॅकवरचा, म्हणजे कार्डाने दिलेले पैसे बँकेमार्फत परत मिळवण्यावरचा, लेख वाचला आणि रात्रभर तो डोक्यातून गेला नाही. लेखकांचं म्हणणं थोडक्यात असं, की मोठी खरेदी कार्डावर करा, माल आला नाही तर बँकेला कळवा, पैसे परत मिळतील, निर्धास्त राहा. लेखक सज्जन दिसतात. त्यांच्या घरी माल एक तर पूर्ण येत असावा किंवा अजिबात येत नसावा. आमच्याकडे तो पाऊण आला.

मागवला होता पलंग. तो चार खोक्यांत येणार होता, आली तीन. प्रत्येक खोक्यावर कंपनीचंच लेबल: '४ पैकी १', '४ पैकी २' आणि '४ पैकी ४'. तिसऱ्या खोक्यात बाजूच्या दोन लांब पट्ट्या असतात, त्यांना साइड रेल म्हणतात. उशाकडची फळी आली, पायथ्याची फळी आली, गादीखाली अंथरायच्या आडव्या पट्ट्यांची गुंडाळी आली. उशी आणि पायथा यांना जोडणारं मात्र काहीच आलं नाही. माल आणणाऱ्या मुलाला मी तिथल्या तिथे लेबलं दाखवली. तो म्हणाला, "मॅडम, गाडीत एवढंच चढवलंय, राहिलेलं मागून येईल," आणि त्याने ओटीपी मागितला. अख्ख्या ऑर्डरला एकच ओटीपी. आलेल्या खोक्यांचा वेगळा आणि राहिलेल्याचा वेगळा अशी काही सोय नाही. ओटीपी दिला नाही तर आलेली खोकीही परत जाणार आणि ऑर्डर 'ग्राहकाने नाकारली' म्हणून नोंदली जाणार. दिला तर 'डिलिव्हर्ड'. अशा वेळी काय करायचं ते लेखात कुठेही नाही.

दुसऱ्या दिवशी जोडणी करणारा माणूस ठरल्या वेळी हजर. वक्तशीर माणूस, हत्यारांची पेटी घेऊन आला, बूट बाहेर काढले. खोकी फोडली, सगळे भाग जमिनीवर मांडले, आणि एका नजरेत त्याच्या लक्षात आलं. "यात साइड रेल नाहीत." मी म्हटलं, माहीत आहे. त्याने मोबाइल काढला. त्याच्या अ‍ॅपवर दोनच बटणं होती: 'काम पूर्ण' आणि 'ग्राहक तयार नाही'. बिचारा बराच वेळ दोन्ही बटणांवरून अंगठा फिरवत उभा होता. शेवटी दुसरं दाबलं आणि म्हणाला, "सॉरी मॅडम." तेव्हा कंपनीच्या दप्तरी नोंद आहे ती अशी, की पलंग पोचलेला आहे, तयार नाही ती मी.

दुकानाशी झालेल्या संभाषणांबद्दल फार लिहीत नाही. "आमच्या सिस्टिमला डिलिव्हर्ड दिसतंय" या एका वाक्याभोवती ती सगळी फिरली. मधून मधून "पुढच्या आठवड्यात नक्की" हेही होतं.

मग बँक. लेखात म्हटलंय की अ‍ॅपवर एक क्लिक केलं की झालं. क्लिक केलं. पुढे कारणांची यादी उघडली: हा व्यवहार मी केलेला नाही, रक्कम दोनदा वजा झाली, माल मिळाला नाही, माल सदोष आहे किंवा वर्णनाप्रमाणे नाही. अपुरा माल मिळाला, असं कारणच नाही. आता ही यादी बँकेने सहज गंमत म्हणून बनवलेली नसते. तिच्यामागे कार्ड कंपन्यांचे नियम असतात. व्हिसामध्ये 'माल मिळाला नाही' याचा क्रमांक १३.१ आणि 'वर्णनाप्रमाणे नाही किंवा सदोष' याचा १३.३. मास्टरकार्डमध्ये ही असली सगळी भांडणं ४८५३ या एका क्रमांकाखाली जातात. आणि गंमत अशी, की १३.१ मध्ये अपुऱ्या मालाची सोय आहे. जेवढा भाग मिळाला नाही तेवढ्या रकमेपुरता वाद घालता येतो, असं नियमच सांगतो. म्हणजे नियम करणाऱ्याला ही शक्यता सुचली होती. बँकेच्या फॉर्मपर्यंत ती पोचली नाही. तुमच्या लेखापर्यंतही नाही.

बरं, 'मिळाला नाही' निवडलं तर पुढचा रकाना: न मिळालेल्या भागाची किंमत. बिलावर 'पलंग, नग १' अशी एकच ओळ आणि एकच किंमत आहे. साइड रेलची किंमत त्यात कुठे शोधायची? माझ्या मते त्यांची किंमत पलंगाएवढीच आहे, कारण त्यांच्याविना पलंग उभाच राहत नाही. बँकेच्या मते तसं नाही, कारण फळ्या तर आल्यात. बरं, 'वर्णनाप्रमाणे नाही' निवडावं, तर तिथे आलेला माल परत केल्याचं किंवा करायचा प्रयत्न केल्याचं दाखवावं लागतं. आणि दुकान म्हणतं, खोकी फोडलेली आहेत, परत घेता येणार नाहीत. ती फोडली त्यांच्याच माणसाने, त्यांच्याच ठरवलेल्या वेळी! हे सगळं मी फोनवर सांगितलं, तेव्हा पलीकडून उत्तर आलं, "बरोबर आहे मॅडम, मी नोट करून ठेवते."

मी 'माल मिळाला नाही' निवडलं आणि वाट बघितली. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे कार्ड देणाऱ्या बँकेने तक्रारीपासून ३० दिवसांच्या आत खुलासा आणि लागू असेल तिथे कागदोपत्री पुरावा द्यायचा असतो. आमच्या बँकेने तो मुदतीत दिला, हे मान्य करायला हवं. पुरावा मात्र जपून ठेवण्यासारखा आहे.

दुकानाने बँकेला बिलाची प्रत, ओटीपी टाकल्याची वेळ आणि एक फोटो पाठवला होता. फोटो आमच्याच दाराचा. खाली पायपुसणं, बाजूला चपला, आणि भिंतीला टेकवून ठेवलेली खोकी. तीन. फोटो मोठा करून बघितला तर लेबलंसुद्धा वाचता येतात. सगळ्यात पुढच्या खोक्यावर ठळक अक्षरांत '४ पैकी ४'. मी न्यायालयात गेले असते तर वकिलाला देण्यासाठी याहून चांगला कागद मला स्वतःला जमवता आला नसता. तर या फोटोच्या आधारे बँकेने माझी तक्रार फेटाळली. "व्यापाऱ्याने डिलिव्हरीचा समाधानकारक पुरावा सादर केला आहे." समाधान कोणाचं झालं, ते लिहिलेलं नाही.

मी फोन केला. विचारलं, तुम्ही फोटो बघितलात का?
"हो मॅडम, फोटो अटॅच आहे."
त्यात खोकी किती दिसतात?
"मॅडम, त्यासाठी तुम्हाला मर्चंटशी बोलावं लागेल."

माझा मुद्दा एवढाच आहे. माल अजिबात आला नसता तर मी आज सुखात असते. 'मिळाला नाही' म्हटलं असतं, दुकानाला दाखवायला काही नसतं, तुमच्या लेखात लिहिल्याप्रमाणे सगळं पार पडलं असतं. अपुरा माल आला की दारात येऊन पडलेली प्रत्येक वस्तू ग्राहकाच्याच विरुद्ध साक्ष द्यायला उभी राहते. फर्निचरच्या बाबतीत हे रोज कुठे ना कुठे होत असणार. ते खोक्यांतून, वेगवेगळ्या गोदामांतून आणि वेगवेगळ्या गाड्यांतून येतं. एक खोकं मागे राहणं यात अघटित असं काय आहे? अघटित आहे ते एवढंच, की त्यासाठी कोणाकडेही एक बटण नाही.

लेखकांनी "परदेशातही हेच" असं एक वाक्य टाकून दिलंय. परदेशात हेच नाही. अमेरिकेत १९७४ चा फेअर क्रेडिट बिलिंग अ‍ॅक्ट आहे. ठरल्याप्रमाणे माल न पोचणं ही त्या कायद्यात बिलातली चूक धरली जाते, आणि त्याखालच्या नियमांच्या अधिकृत खुलाशात 'चुकीच्या संख्येने दिलेला माल' हे उदाहरण स्पष्ट दिलेलं आहे. बँकेने पहिलं बिल पाठवल्यापासून ६० दिवसांत ग्राहकाने लेखी कळवायचं, बँकेने दोन बिलांच्या आत, फार तर ९० दिवसांत, चौकशी करून निकाल द्यायचा. तोवर वादातली रक्कम भरायची सक्ती नाही. ब्रिटनमध्ये त्याच वर्षीच्या कंझ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टचं कलम ७५ आहे. वस्तू १०० पौंडांहून महाग आणि ३०,००० पौंडांपर्यंतची असेल, तर दुकानाच्या जोडीला कार्ड देणारी बँकही जबाबदार. तिथल्या ग्राहकाला "मर्चंटशी बोला" हे उत्तर बँकेला इतक्या सहज देता येत नाही.

हे लिहितेय ते अमेरिकेचे गोडवे गाण्यासाठी नाही. तुमच्या लेखातला "वादातली रक्कम भरू नका" हा सल्ला तिथला आहे आणि तो इकडे जसाच्या तसा चिकटवलाय, म्हणून. रिझर्व्ह बँकेच्या त्याच निर्देशांत वाद मिटेपर्यंत शुल्क लावू नये असं म्हटलंय ते ग्राहकाने 'फ्रॉड' म्हणून नोंदवलेल्या व्यवहारांबद्दल. पलंगाच्या पट्ट्या आल्या नाहीत हा फ्रॉड नव्हे, निदान फॉर्ममध्ये तरी नव्हे. एखाद्या वाचकाने तुमच्यावर विसंबून बिल थकवलं तर व्याज आणि विलंब शुल्क तो भरणार, लेखक नाही. आणि "तक्रार कधीही करता येते" हेही कोणी वाचून तपासलेलं दिसत नाही. व्हिसामध्ये अशा तक्रारीची मुदत साधारण १२० दिवसांची असते. माल ज्या दिवशी मिळायला हवा होता त्या दिवसापासून ती मोजता येते, पण मूळ व्यवहाराला ५४० दिवस उलटले की सगळं संपलं. "पुढच्या आठवड्यात नक्की" म्हणणाऱ्या दुकानदाराला ही मुदत पाठ असते. ग्राहकाला ती वर्तमानपत्राने सांगायची असते, असा माझा समज होता.

लेखकांचा हेतू चांगला असेल, त्याबद्दल वाद नाही. पण पुढच्या वेळी त्यांनी अशा विषयावर लिहिण्याआधी चार खोक्यांत येणारी एखादी वस्तू मागवून बघावी.

माझी दुसरी तक्रार बँकेच्या वरच्या कचेरीकडे गेली आहे. या वेळी मी स्वतःचा एकही फोटो जोडला नाही. दुकानाने पाठवलेलाच जोडलाय, लेबलांभोवती लाल पेनने गोल करून. रकमेच्या रकान्यात पलंगाची पूर्ण किंमत लिहिली आहे. ती कमी करायची असेल तर साइड रेल नसलेला पलंग कितीला विकतात ते दुकानाने लेखी कळवावं, असंही लिहिलंय.

आपली,
एक कार्डधारक वाचक
(कृपया नाव छापू नये)

ता. क. लेखाच्या शेवटी 'उर्वरित मजकूर पान ६ वर' असं छापलंय. पान ६ वर राशिभविष्य आणि शब्दकोडं आहे. उर्वरित मजकूर आला असल्यास कुठे आला ते कळवावं.