वांगी रंगाची भिंत

पुणे, ३१ मे

ती. आई-बाबांना सा. न.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर बाबा गल्लीत ऐकू जाईल असं बोलतात आणि सई नेमकी माझ्या शेजारी बसलेली असते. म्हणून पत्र.

पुढच्या महिन्यात डोळ्यांच्या तपासणीला याल तेव्हा नेहमीसारखं सईच्याच खोलीत झोपाल, तर आधीच सांगून ठेवतो. तिथली पलंगामागची भिंत आता वांगी झाली आहे. आई, दचकू नकोस. काळी नाही, वांगी. तुझी लाल काठांची इरकल आहे ना, मावशीनं दिलेली, तोच रंग. दिवसा खिडकी उघडी असली की जांभळट दिसतो. दिवेलागणीनंतर जरा काळपट वाटतो, ते मला मान्य आहे. बाबांना तर तो जास्तच जांभळा दिसेल बहुतेक, कारण मोतीबिंदू काढल्यापासून निळं फार निळं दिसतं असं तेच सारखं सांगतात.

विनंती एवढीच, की आल्या आल्या त्यावर काही बोलू नका. ‘छान आहे हो’ असंही मुद्दाम नको, तिला ते लगेच कळतं. पंखा लावायला सांगा, चहा मागा, आणि भिंतीकडे पाठ करून बसा.

झालं असं, की तिची दहावी सुरू व्हायच्या आत हे उरकायचं होतं. ती पाच वर्षांची असताना मी हौसेनं गुलाबी रंग देऊन वर फुलपाखरांचे स्टिकर लावले होते. मैत्रिणी आल्या की ती खोलीचं दार ओढून घ्यायची आणि सगळ्यांना हॉलमध्ये बसवायची. मला वाटायचं, पसारा लपवतेय. तिच्या मनात चारही भिंती वांगी करायच्या होत्या. मी एकही नाही म्हणालो. चार दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. शेवटी नेहानं तह घडवला: एक भिंत वांगी, तीन मोतिया. तहात मला काय मिळालं ते अजून कळलेलं नाही.

पेंटरनं सांगितलेला आकडा ऐकून घरीच करायचं ठरलं. बोहरी आळीतून पत्र्या, पॉलिश पेपर, रोलर, पुट्टी असं सगळं आणलं. तिथे स्कूटर लावायला जागा शोधण्यात गेला तेवढ्या वेळात एक हात मारून झाला असता. भिंत अकरा फूट लांब, साडेनऊ फूट उंच, म्हणजे साधारण १०५ चौरस फूट. दोन हातांना दोन लिटर पुरतील असा माझा हिशेब होता. दुकानदार मात्र म्हणाला, गडद रंगाला तिसरा हात धरूनच चला. फिकट रंगाच्या डब्यात झाकणारं पांढरं द्रव्य भरपूर असतं. गडद रंग ज्या बेसमध्ये मशीनवर मिसळतात त्यात ते नावापुरतंच, त्यामुळे तो अंगानं पातळच पडतो. मला हे दुकानदारी वाटलं. पहिला हात वाळल्यावर भिंत वांग्याच्या भरतासारखी दिसत होती, दुसऱ्यानंतरही कोपऱ्यांत गुलाबी डोकावत होता. गेलो परत, आणला अजून एक लिटर.

बाबा, आता तुमच्यापुरतं. मागच्या वर्षी खुब्याच्या ऑपरेशननंतर अडीच महिने तुम्ही त्या पलंगावर होतात. सकाळी पेपर वाचताना डोकं भिंतीला टेकलेलं, आणि डोक्याला आईचं माक्याचं तेल. पलंग सरकवला तर तिथे भाकरीएवढा गोल डाग. तुम्ही असता तर आधी सोड्याच्या पाण्यानं तो धुवायला लावला असता. मी नुसता पॉलिश पेपर फिरवला आणि प्रायमर मारून मोकळा झालो. तेलावर पाण्याचा रंग बसत नाही हे मला माहीत नव्हतं असं नाही, कंटाळा आला होता. दुसऱ्या दिवशी बघतो तर बाकी भिंतीवर रंग सपाट, आणि तेवढ्याच गोलात तो थेंबाथेंबांनी मागे सरकलेला, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा.

मला लगेच तुमची पानशेतची गोष्ट आठवली. १२ जुलै १९६१. नारायण पेठेतल्या वाड्यात पाणी चढून उतरलं, आजोबांनी भिंतीला तीनदा चुना मारला, आणि तरी दिवाळीपर्यंत पुराची रेघ पुन्हा वर आली. दर दिवाळीला पिंपात चुनकळी भिजवताना तुम्ही ती सांगायचात. पिंप खदखदायचं, आम्हाला लांब उभं करायचात, मग निळीची पुरचुंडी बुडवायचात. तेव्हा आम्ही गोष्ट ऐकायचो ती रटरटणाऱ्या चुन्याकडे बघत. रेघ आधी घासली नाही म्हणून ती आली, एवढाच तिचा मुद्दा होता, तो मला सत्तेचाळिसाव्या वर्षी समजला.

मग तो गोल खरवडला, सोड्यानं धुतला, वाळवला, पुन्हा पुट्टी, पुन्हा प्रायमर. तरी खिडकीतून उन्हाची तिरीप आली की तिथली चकाकी वेगळी दिसते. सई म्हणाली, राहू दे, आजोबा आले की तिथेच टेकणार आहेत. आता डोक्यामागे टॉवेल घ्याल ना?

खिडकीला मी हात लावला नाही. तिच्या चौकटीवर तुम्हीच दिलेला जुना पिवळा ऑइलपेंट आहे, त्याचे पोपडे निघतात. सई ते खरवडायला निघाली होती, मी ओरडलोच तिच्यावर. जुन्या ऑइलपेंटमध्ये, त्यातही पिवळ्यात, शिसं असायचं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, आत असावं हा नियम आपल्याकडे २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, आणि आपली खिडकी त्याच्या कितीतरी आधीची. कोरडं घासलं तर ती धूळ घरभर होणार. आई, लहानपणी मी पोपडे चघळायचो आणि तू हातावर फटके द्यायचीस, ते फटके योग्यच होते. ते काम माहितगार माणसाकडून, पाणी मारून ओलं घासूनच करून घेणार.

आणखी एक, ते आईसाठी. तुझ्या जुन्या नऊवारींची गोधडी. खोलीतलं सगळं बाहेर काढलं होतं, गोधडी मात्र कपाटावर राहिली. नेहाचं म्हणणं मी ठेवली, माझं म्हणणं तिनं. रोलर वर नेताना तीन थेंब उडाले, हिरव्या तुकड्यावर. लगेच धुतली असती तर निघाले असते, पण दिसले ते तिसऱ्या दिवशी. आता ते निघत नाहीत. दोन थेंब टाक्याच्या रेघेवर आहेत, तिथे फारसे दिसत नाहीत. तिसरा दिसतो. तू बघशील तेव्हा मी घरात नसलो तर बरं.

वास आता गेला आहे. आम्ही तीन रात्री हॉलमध्ये गाद्या टाकून झोपलो, खिडक्या सताड उघड्या. मे महिना असल्यानं वाळलंही पटकन, फक्त पंखा बंद ठेवून रंग द्यावा लागत होता, नाहीतर रोलरचे पट्टे उठत होते. मैत्रिणी परवा आल्या होत्या. दार आतून बंद, आणि आत काय हसत होत्या!

मोतिया अर्धा लिटर उरला आहे. गॅलरीतल्या कठड्याखालची पट्टी मी मुद्दाम सोडली आहे, बाबा. तिथे ओलीनं लोणा लागला आहे, तो मी ब्रशनं झाडून ठेवलाय. खाली पाटावर बसून जेवढी होईल तेवढी करा. स्टुलावर चढायचं नाही, हे आईनं लक्षात ठेवावं.

वाईहून कोणत्या एसटीनं निघताय ते कळवा, मी स्वारगेटला येतो.

तुमचा,
मंदार