हळू आहे म्हणून वाईट?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत उर्सुला ले ग्विन या लेखिकेच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ या मुलांसाठीच्या जादुई कादंबरीवर वाचकांची उलटसुलट मतं छापलीत, त्यातलं ‘जादूगारांच्या शाळेची आयडिया हॅरी पॉटरवरून उचललीय आणि स्टोरी फार स्लो आहे’ हे मत वाचून राहवलं नाही. अहो, हे पुस्तक १९६८ चं, हॅरी पॉटर आलं १९९७ मध्ये, मग उचललं कोणी कोणाकडून? तो मुद्दा तिथेच संपला.

स्लो असण्याबद्दल मात्र बोलायलाच हवं. कादंबरीचा नायक गेड हा हुशार पण अतिशय गर्विष्ठ पोरगा, शाळेतल्या एका मुलाने डिवचलं म्हणून ईर्ष्येपोटी मेलेल्या माणसाचा आत्मा बोलावतो, त्याने जगालाच एक फट पडते आणि त्या फटीतून एक काळी सावली बाहेर पडून त्याचा चेहरा ओरबाडते, ती फट बंद करताना शाळेचे म्हातारे मुख्य जादूगार जीव गमावतात. पुढचं सगळं पुस्तक म्हणजे ती सावली आणि हा मुलगा, बस. इथे मारायला कुणी दुष्ट राजा नाहीये, स्वतःच्या चुकीला सामोरं जायचंय, ते दोन पानांत फायटिंग करून कसं उरकणार? दहा-बारा वर्षांच्या मुलांना अपराधीपणा काय असतो ते चांगलं कळतं, आपण मोठेच त्यांना कमी लेखतो. तेव्हा मुलांना कंटाळा येईल हे मोठ्यांनी परस्पर ठरवू नये, पुढच्या वेळी मुलांचीच मतं छापा ही कळकळीची विनंती.

- एक वाचक