बाबा, हा पण घड्याळवाल्याचाच मुलगा

कारिया, जपान, रविवार, बाहेर पाऊस

ती. बाबा आणि आईस सा. न. वि. वि.

(ताई, पीडीएफ पाठवतेय, मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दे, बाबांना फोनवर वाचलं की डोळ्यांना पाणी येतं. आणि मधलं काही गाळू नकोस, शेवटचं तर अजिबातच नको.)

आधी नेहमीचं उरकते. मी ठणठणीत आहे, जेवते, वरणभात रोज होतो, कांदा-लसूण चटणी अजून अर्धी बरणी शिल्लक आहे. टीव्हीवर भूकंपाची पट्टी आली की लगेच फोन लावू नका, जपान म्हणजे सातारा जिल्हा नाहीये, कराड ते दिल्लीपेक्षा लांब पसरलाय, तिकडच्या टोकाला हललं तर इथे माझा चहासुद्धा हिंदकळत नाही. आणि आई, मी बारीक नाही झाले, कॅमेऱ्यात तसं दिसतं.

आता बाबांचं. स्टेंट टाकल्यावर आठ दिवसांनी मला कळवायचं हे कुणाच्या डोक्यातून निघालं? "तू तिकडून काय करणार होतीस" असं ताई म्हणाली, आणि मला उत्तर नाही सुचलं, म्हणून चिडले. चिडले ते सोडून द्या. पण आता दुकानात शिडीवर चढून भिंतीवरची घड्याळं उतरवायची नाहीत, चावी द्यायची तर त्या पोराला सांगा. इथं बसून मी एवढंच म्हणू शकते, ते म्हणतेय.

बाबा, तुम्ही मागच्या फोनवर विचारलंत, "इंजिनीअर झालीस ती गोष्टीची पुस्तकं वाचायला का?" आवाजावरून कळलं की आईने कान भरलेत, मी खोलीत एकटी पुस्तकात डोकं घालून बसते वगैरे. तर एक, एकटी नसते. दोन, जपानीच्या परीक्षेसाठी वाचते, तो अभ्यासच आहे. तीन, ज्याची पुस्तकं वाचते तो माणूस तुम्हाला आवडेल. केइगो हिगाशिनो. रहस्यकथा लिहितो. ताईला माहितीये, म्हणजे माहितीये हे तिला माहिती नाहीये, कारण करीनाचा तो कालिम्पोंगवाला सिनेमा 'जाने जां' तिने रात्री दोन वाजेपर्यंत जागून बघितला, तो ह्याच्याच कादंबरीवरून.

हा ओसाकाचा, 1958 चा जन्म. आणि वडिलांचं काय होतं सांगा? घड्याळ-चष्म्यांचं दुकान! मला कंपनीतल्या एकाने पुस्तक दिलं तेव्हा हेच आधी सांगितलं, कारण त्याला माहीत होतं माझे बाबा काय करतात. तेव्हाच ठरवलं हा माणूस वाचायचा. लहानपणी ह्या हिगाशिनोला पुस्तकांचा भयंकर कंटाळा होता, हे त्याने स्वतः सांगितलंय. हायस्कूलला असताना एक रहस्यकथा हातात पडली आणि मग सुटली नाही. स्वतःही लिहायला लागला. पण शिकला काय, तर इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंग, ओसाकातच. कॉलेजात धनुर्विद्येच्या टीमचा कॅप्टन होता.

आणि नोकरी कुठे लागली? इथे! कारियात! म्हणजे आपल्या ह्या आइची प्रांतात, निप्पॉन देन्सो म्हणजे आताची देन्सो, तिचं हेडऑफिस मी राहते त्याच गावात आहे. 1981 ला लागला. दिवसा गाड्यांच्या पार्ट्सची कंपनी आणि रात्री घरी बसून खून. म्हणजे कागदावर हो आई. इथे रहस्यकथांसाठी एक मोठं बक्षीस आहे, एदोगावा राम्पो पुरस्कार (एडगर अॅलन पो हे नाव जपानी तोंडाने भरभर म्हणा, मग कळेल त्या जुन्या लेखकाने टोपणनाव कुठून आणलं), त्यासाठी याने 1983 ला कादंबरी पाठवली, पडली. 1984 ला पाठवली, शेवटच्या फेरीत पडली. 1985 ला 'होकागो' पाठवली, म्हणजे शाळा सुटल्यानंतर, मुलींच्या शाळेतला खून आणि सांगणारा मास्तर धनुर्विद्येची टीम बघणारा, आणि जिंकला. वय 27. माझ्यापेक्षा एकाने लहान, ते सोडा.

मग काय केलं तर पुढच्या वर्षी नोकरी सोडून टोकियोला गेला. बाबा, मला तुमचा चेहरा दिसतोय. कायमची नोकरी, आणि इथे तर तेव्हा एकदा कंपनीत चिकटलं की रिटायर होईपर्यंत कुणी हलायचं नाही. मी सोडत नाहीये, परत सांगते, सोडत नाहीये, आई तू काही मनाने जोडू नकोस.

आणि सोडल्यावर लगेच भलं झालं असंही नाही. पुस्तकं येत राहिली, फार कुणी विचारलं नाही, बक्षिसांच्या यादीत नाव यायचं आणि गळायचं. पुढचं मोठं बक्षीस मिळालं ते थेट 1999 ला, 'हिमित्सु'ला, म्हणजे गुपित. मोजलंत का, चौदा वर्षं. आणि सगळ्यात मानाचं जे नाओकी पारितोषिक, त्याच्या अंतिम यादीत पाच वेळा जाऊन पाच वेळा हात हलवत परत. सहाव्यांदा मिळालं, 2006 च्या जानेवारीत, त्या करीनावाल्या कादंबरीलाच. 'योगिशा एक्स नो केनशिन' तिचं नाव, संशयित एक्सने स्वतःला वाहून टाकलं असं काहीतरी, मराठीत नीट येत नाही.

आता ऐका. नाओकीत 10 लाख येन मिळतात, पण ते वरचे. खरं बक्षीस काय असतं माहितीये? खिशातलं घड्याळ. घड्याळवाल्याच्या पोराला घड्याळ! हे वाचलं तेव्हा मी ट्रेनमध्ये एकटीच हसले आणि मग तुमचं ते डोळ्याला भिंग लावून वाकलेलं डोकं, समोर बशीत सुटे केलेले स्क्रू, आणि "शिंकू नका रे कोणी" हे ओरडणं आठवलं आणि उतरायचं स्टेशन गेलं. मोबाईल आल्यावर सगळे म्हणाले दुकानात रिचार्ज ठेवा, कव्हरं ठेवा, तुम्ही सेल बदलत आणि चावीची घड्याळं दुरुस्त करत बसलात. मी पण म्हणाले होते. बारावीत असताना, जरा जास्तच बोलले होते. असो.

ह्या कादंबरीची गंमत म्हणजे खून सुरुवातीलाच होतो आणि कोणी केला तेही आपल्याला तिथेच कळतं. शेजारच्या फ्लॅटमधला गणिताचा मास्तर, एकलकोंडा, त्या बाईला आणि तिच्या मुलीला वाचवायला पुढे होतो. मग चारशे पानं काय वाचायचं असं मला वाटलं होतं. पण कोण हे माहीत असूनही काय केलं हे शेवटपर्यंत कळत नाही, आणि कळतं तेव्हा पोटात खड्डा पडतो. बाबांसाठी सांगत नाही पुढचं. इंग्रजीत आहे, ताई मागवून दे. सिनेमा बघितलाय म्हणून फोडू नकोस.

मला पहिलं पुस्तक वाचायला पाच महिने लागले. ज्याने दिलं तो दर शुक्रवारी कॅन्टीनमध्ये अडलेली अक्षरं समजावून द्यायचा. बरं, हिगाशिनोची पुस्तकं बरीच वर्षं फोनवर मिळतच नव्हती, त्याने डिजिटलला परवानगीच दिली नाही, 2020 च्या एप्रिलमध्ये कोरोनात सगळे घरात अडकले तेव्हा कुठे सात पुस्तकं सोडली. म्हणून मी कागदाचीच घेते, जुन्या दुकानात शे-दोनशे येनला मिळतात.

आणि इथे एक विचित्र प्रकार आहे तो सांगायलाच पाहिजे. नवीन पुस्तक घेतलं की काउंटरवरची बाई विचारते, "कव्हर घालू का?" मला पहिल्यांदा वाटलं पिशवी म्हणतेय, मी हो म्हटलं. तर तिने दुकानाचं नाव छापलेला खाकीसारखा कागद काढला, पुस्तक त्यावर ठेवलं, वरून-खालून घड्या आधीच घातलेल्या होत्या, दोन्ही बाजू आत दुमडून पुस्तकाचे पुठ्ठे त्या खिशात असे सरकवले की दहा सेकंदात तयार. आई जूनमध्ये आमच्या वह्यांना घालायची तसंच, पण ना डिंक ना चिकटपट्टी ना लेबल. मला वाटलं पुस्तक मळू नये म्हणून. तर तसं नाही, म्हणजे तेही आहे, पण मुख्य कारण असं की ट्रेनमध्ये शेजारच्याला कळू नये तुम्ही काय वाचताय! अहो पण पुस्तकाला आधीच एक चकचकीत कव्हर असतं, त्याच्यावर खाली एक कागदी पट्टा असतो, त्याला ओबी म्हणतात, किमोनोच्या कमरपट्ट्याचं जे नाव तेच, त्यावर "इतक्या लाख प्रती खपल्या, रडायला तयार राहा" असं ओरडून लिहिलेलं असतं. म्हणजे आधी ओरडायचं, आणि मग वरून खाकी कागद घालून गप्प बसायचं. अख्खा डबा वाचतोय आणि कोण काय वाचतोय काही पत्ता नाही. सगळीकडे हेच, मनात काय आहे त्यावर कव्हर. मी विचारलं याचं कारण तर तो म्हणाला, "लाज वाटते." कशाची? "काही नाही, अशीच." आपल्याकडे एसटीत पेपर उघडला की मागचा माणूस "पान उलटू नका हो" म्हणतो.

मे महिन्याच्या सुट्टीत टोकियोला गेले होते ते ह्याच्याच एका पुस्तकासाठी, फोटो पाठवले होते. निहोनबाशी म्हणजे तिथल्या पुलाजवळचा भाग, तिथून चालत निंग्योचो नावाचा जुना भाग. त्याचा कागा नावाचा इन्स्पेक्टर तिथे बदलून येतो आणि एका खुनासाठी दुकानं दुकानं फिरतो, एक प्रकरण तांदळाच्या पापड्यांचं दुकान, एक चिनीमातीच्या भांड्यांचं, असं. तिथे छोटे केक मिळतात, आत अझुकी नावाच्या बारीक लाल कडधान्याचं गोड, पुरणाचा भाऊच, आणि आकार सात देवांचे. त्यातली एक बेंझाइतेन म्हणजे आपली सरस्वती. मी खाल्ली. आजीला सांगू नका.

त्यात एक प्रकरण घड्याळवाल्याचं आहे. म्हातारा हट्टी, मुलीने मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून तिचं नावसुद्धा काढू देत नाही. रोज संध्याकाळी कुत्र्याला बागेत फिरवायला नेतो. पण तो इन्स्पेक्टर चौकशी करतो तर म्हातारा बागेत गेलेलाच नसतो. गेलेला असतो सुइतेनगूला. ते बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून नवस करतात ते देऊळ आहे. मुलीला दिवस गेलेले असतात, ह्याला कुठून तरी कळलेलं असतं, आणि घरात कुणाला सांगता येत नाही म्हणून कुत्र्याचं नाव. मी त्या देवळाच्या पायऱ्यांवर बराच वेळ बसले. सोबत होता तो म्हणाला, आज राहू दे टॉवर, उद्या बघू.

आता हा हिगाशिनो म्हणजे जपानात 10 कोटी प्रतींच्या वर, शंभरावर पुस्तकं, 2023 ला सरकारने मेडलही दिलं. मधे चाळिशी ओलांडल्यावर बर्फावर फळी बांधून घसरायला शिकला आणि त्यावरही खुनाच्या गोष्टी लिहिल्या. आई, ह्यात शिकण्यासारखं काही नाही, फक्त मजा म्हणून सांगितलं.

पैशाचं. ह्या वेळी 80 हजार पाठवलेत, येन पडलाय, 60 पैशांच्या आतच फिरतोय, म्हणून कमी दिसतील. 45 हॉस्पिटलचे जे ताईच्या मिस्टरांनी भरले ते आधी त्यांना द्या, ते नाही म्हणतील, तरी द्या. बाकी सोसायटीचा हप्ता. दुकानाचं भाडं मी दिवाळीपर्यंतचं बाजूला काढून ठेवलंय, दुकान बंद करायची घाई कुणी करायची नाही.

गणपतीत येत नाही. सुट्टी साठवून दिवाळीत पंधरा दिवस येते, तिकीट काढलंय. मोदक तळणीचे करा, उकडीचे माझ्याशिवाय करू नका, आई तुझे फुटतात.

पुण्याच्या स्थळाला नाही कळवा. मुलगा चांगला असेल, मी नाही म्हणत नाही, म्हणजे नाहीच म्हणतेय पण त्याच्यात दोष आहे म्हणून नाही. मावशीला काय सांगायचं ते मी बोलते, आईने ऐकून घ्यायचं नाही.

दिवाळीत एकटी येत नाहीये. आई, तू पहिल्या पानावरच ओळखलं असशील, मला माहितीये, कोण ते आधी कळतंच. तो गिफूचा आहे, इथून जवळच, घरी आई आणि धाकटा भाऊ, भाताची शेती, वरणभात आवडतो, तिखट चालत नाही. नाव फोनवर सांगते, लिहिलं तर बाबा चुकीचं वाचतील आणि मग तेच पडेल. बाबा, त्याच्या आजोबांचं एक चावीचं घड्याळ आहे, वीस वर्षं बंद, इथल्या दोघांनी सांगितलं पार्ट मिळत नाही. तो ते घेऊन येणार आहे. मी त्याला काही कबूल केलेलं नाही, फक्त म्हटलं की माझे बाबा बघतील.

तुमची,
धाकटी

ता. क. ताई, हे दुपारी नको, संध्याकाळी दुकानातून आल्यावर दे, आणि गोळी घेतली का ते आधी विचार.