‘दिनविशेष’ला दोन ओळी जास्त द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकातले ‘दिनविशेष’ मी रोज अग्रलेखाच्याही आधी वाचते. जयंत्या, पुण्यतिथ्या आणि खाली ‘आज जागतिक अमुक दिन’ अशी एक ओळ असते. त्या ओळीपुढे, हा दिन कोणी, कुठे आणि कशासाठी सुरू केला तेही छापावे, एवढी विनंती करण्यासाठी हे पत्र.

२० मार्चला ‘जागतिक चिमणी दिन’ असे छापून येते. हा दिन नाशिकमधून जगभर गेला, हे मात्र कुठेच नसते. चिमण्यांसाठी झटणारे नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या ‘नेचर फॉरएव्हर सोसायटी’च्या कार्यालयात गप्पांच्या ओघात ही कल्पना निघाली आणि २०१० साली पहिला चिमणी दिन पाळला गेला. वाघासाठी सगळे धावतात, पण रोज अंगणात दिसणारा पक्षी नाहीसा होऊ लागला तर ते लवकर कुणाच्या ध्यानातही येत नाही, ही त्यामागची कळकळ. चिमणी वळचणीत, भिंतीतल्या भोकांत घरटे करते. सिमेंटच्या सपाट इमारतीत तिला जागाच उरत नाही. शिवाय तिची पिल्ले सुरुवातीला किड्या-अळ्यांवर वाढतात, त्यामुळे गच्चीवर नुसते तांदळाचे दाणे टाकून भागत नाही, आसपास झाडेझुडपेही लागतात. एवढे कळले तर वाचक त्या दिवशी काहीतरी करू शकेल. नुसत्या नावाने काय होणार?

चहा दिनाचे तर मला फारच वाईट वाटते. १५ डिसेंबरला वाफाळत्या कपाची छायाचित्रे येतात, आले-वेलचीच्या चवीचे गोडवे गायले जातात. २००५ साली नवी दिल्लीत हा दिन पहिल्यांदा पाळला तो कामगार संघटनांनी आणि त्यांच्याबरोबरच्या संस्थांनी, चहाच्या मळ्यांत राबणाऱ्या मजुरांकडे आणि छोट्या उत्पादकांकडे जगाचे लक्ष जावे म्हणून. पुढे भारताच्या पुढाकाराने प्रस्ताव गेला आणि संयुक्त राष्ट्रांनी २०१९ मध्ये २१ मे ही तारीख ठरवली. आता दोन्ही दिवशी कप दिसतो, पण पाने खुडणारी बाई दिसत नाही.

सगळ्याच दिनांमागे अशी तळमळ असते असे नाही. अमेरिकेत २३ जानेवारीला हस्ताक्षर दिन असतो. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सर्वांत ठळक सही करणाऱ्या जॉन हँकॉक यांचा तो जन्मदिवस. दिन सुरू केला १९७७ साली लेखणी-पेन बनवणाऱ्या उत्पादकांच्या संघटनेने. मुलांचे अक्षर सुधारावे असे मलाही वाटते, पण त्यामागे पेन विकणारे होते हे वाचकाला कळायला हवे. कुठला दिन पाळायचा आणि कुठला सोडून द्यायचा, हे मग ज्याचे त्याला ठरवता येईल.

काही गोष्टी नुसत्या ऐकूनही आनंद होतो. १४ मार्चचा ‘पाय दिन’, म्हणजे गणितातल्या π (३.१४) या वर्तुळाच्या परिघ-व्यासाच्या गुणोत्तराचा दिन, १९८८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘एक्सप्लोरेटोरियम’ या विज्ञान संग्रहालयात लॅरी शॉ या भौतिकशास्त्रज्ञाने सुरू केला. अमेरिकेत महिना आधी लिहितात, म्हणून ३/१४. आपण तारीख आधी लिहितो, तेव्हा आपल्या मुलांसाठी २२ जुलै जास्त सोयीचा: २२/७ तर प्रत्येकाने शाळेत घोकलेले असते! तो दिवसही काही ठिकाणी पाळला जातो. मुंबईत १९९५ साली डॉ. मदन कटारिया यांनी एका बागेत मूठभर लोकांना घेऊन हास्यक्लब सुरू केला आणि त्यातूनच पुढे जागतिक हास्य दिन आला. सिंगापूरचे जॅक सिम यांनी २००१ साली १९ नोव्हेंबरला ‘वर्ल्ड टॉयलेट ऑर्गनायझेशन’ स्थापन केली. नाव ऐकून लोक हसत, पण २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी हाच दिवस जागतिक शौचालय दिन म्हणून मान्य केला.

हे काम वर्तमानपत्रानेच करावे असे मला वाटते, त्याला आधारही आहे. अशा दिनांची अमेरिकेतली प्रसिद्ध सूची १९५७ साली मिशिगनमधल्या फ्लिंट गावी चेस बंधूंनी काढली. त्यांतले विल्यम चेस वर्तमानपत्राचे ग्रंथपाल होते. कुठला दिवस कशाचा, याची खात्रीलायक माहिती एका जागी मिळावी, हा त्यांचा हेतू होता. पहिली आवृत्ती अवघ्या ३२ पानांची होती.

आपल्याकडे तर या सदराला शाळांमुळे आणखी मोल आहे. मी शिकवत होते तेव्हा सकाळच्या परिपाठात एक विद्यार्थी दिनविशेष वाचून दाखवी, आणि तो बहुतेक वेळा वर्तमानपत्रातूनच उतरवलेला असे. आजही अनेक शाळांत हेच चालते. आपण जेवढे छापाल, तेवढेच त्या मुलांच्या कानावर पडते.

जागेची अडचण असेल तर एका दिवशी तीन-तीन दिन देण्याऐवजी एकच द्यावा, पण पूर्ण द्यावा. ज्याचा उगम खात्रीने सापडत नाही, तो वगळला तरी चालेल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा