लॅपटॉपचा वेग आणि चुकीचा सल्ला

महोदय,

लॅपटॉप वेगवान करण्यासाठी विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मिनिमम प्रोसेसर स्टेट’ (प्रोसेसरच्या वेगाची किमान मर्यादा) १०० टक्के करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. कृपया तसे करू नये. त्यामुळे काम नसतानाही प्रोसेसर चढ्या वेगाने चालत राहू शकतो, आणि जड काम आले की आधीच तापलेला असल्याने त्याला वेग लवकर आवरावा लागतो. किमान मर्यादा ५ टक्केच असावी.

बॅटरीवर ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ (वेगाची कमाल मर्यादा) ९९ टक्के केल्यास बहुतेक प्रोसेसरांचा टर्बो, म्हणजे गरजेच्या वेळी मूळ वेगाच्या वर जाण्याची सोय, बंद होतो. टर्बोला व्होल्टेज जास्त लागते आणि वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून वेग घटतो त्याहून उष्णता अधिक उतरते. चार्जरवर मात्र ‘मॅक्सिमम’ १०० टक्केच ठेवावे. पंख्यात धूळ असेल, तर आधी ती काढावी.

– एक संगणक तंत्रज्ञ